परिक्रमेला निघताय? साबणाचं तेवढं बघा

मंडळी, कार्तिकी एकादशीनंतर धुळे-नंदुरबारकडचे बरेच जण पाठीवर सॅक टाकून नर्मदा परिक्रमेला निघतात. गाडी बारडोलीवरून कडोदरा चौकडीला येते, तिथे उजवीकडे वळली की हायवेने सरळ अंकलेश्वर. चौकडीवर चहाला थांबलात की सॅकमधला साबण एकदा बघून घ्या.

नर्मदेत साबण लावायचा नाही, हा परिक्रमेचा जुना नियम. श्रद्धा म्हणून पाळाच, पण कारण आपल्या धंद्याचंही आहे. माशाच्या कल्ल्यांवर बुळबुळीत थर असतो. साबण आणि त्याहून जास्त डिटर्जंट तो थर धुऊन काढतो, मग मासा पाण्यात असूनही गुदमरतो. मोठा मासा लांब पळेल, काठच्या उथळ पाण्यातलं पिल्लू कुठे पळणार? पुढे भरूचच्या खाडीत पावसाळ्यात पाला अंडी घालायला गोड्या पाण्याकडे चढतो, तीही हीच नर्मदा.

'हर्बल' पाकिटाला भुलू नका. रिठा तर अस्सल झाडाचा, पण त्याचा ठेचा डोहात टाकून मासे बेशुद्ध करायची जुनी रीत आहे! बायोडिग्रेडेबल साबणाचंही तेच. त्याला कुजवायला मातीतले जंतू लागतात, म्हणून तोसुद्धा थेट नदीत नको.

मग आंघोळ कशी करायची? आधी नुसत्या पाण्याने, बहुतेक दिवस तेवढं पुरतं. साबण लागलाच तर कळशीभर पाणी घेऊन काठापासून 60-70 मीटर, म्हणजे शंभरेक पावलं आत जा. बिनवासाची छोटी वडी वापरा. पाणी वीतभर खड्ड्यात जिरवा, वर माती ओढा. भांड्यांना राख चालते, पण तीही तिथेच, घाटावर नको.

कडोदऱ्याच्या आसपासच्या डाईंग मिलांच्या सांडपाण्यापुढे आपली वडी ती किती, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण मिलवाल्याला जाब विचारायचा तर आपला काठ आधी स्वच्छ हवा.

बोटवाल्यांनी आणखी एक ऐकावं. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण लादीवर भांड्यांचं लिक्विड ओततो. बोटीच्या तळाला साचलेल्या डिझेलवर ते ओतलं की तवंग दिसेनासा होतो, पण तेल जात नाही. त्याचे बारीक थेंब होऊन पाण्यात उतरतात. त्यापेक्षा जुन्या कापडाने टिपून घ्या, आणि ते कापड पिशवीत बांधून बंदरावर उतरवा.