अमेरिकेंतील कलापात्रें : तीं कशीं ओळखावींत

मातीचें पात्र कोणाच्या हातचें, हें ओळखावयाचें असेल तर तें प्रथम पालथें करावें. सामान्य मनुष्य फुलदाणी पाहतो ती समोरून. तिचा रंग, तिचा घाट व तिच्यावरील फुलें यांनीं त्याचें मन रिझलें म्हणजे त्याचें पाहणें संपतें. संग्राहक मात्र ती दोन्ही हातांत अलगद धरून आधीं तिचें बूड पाहतो. कारण, सुमारें १८८० पासून १९५० पर्यंत अमेरिकेंत जीं कलापात्रें निर्माण झालीं, त्यांपैकीं पुष्कळांची जन्मपत्रिका बुडावरच लिहिलेली आहे. ती कशी वाचावी, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

१८७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्यास शंभर वर्षें झालीं, त्या निमित्त फिलाडेल्फिया येथें मोठें प्रदर्शन भरलें होतें. तेथें आलेलीं जपानी मृत्पात्रें पाहून मरिया लाँगवर्थ निकल्स या बाईंच्या मनानें घेतलें कीं, असें काम आपल्या देशांतही झालें पाहिजे. पुढें चार वर्षांनीं, म्हणजे १८८० सालीं, ओहायओ संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं, वडिलांनीं दिलेल्या एका जुन्या शाळेच्या इमारतींत त्यांनीं 'रुकवुड' नांवाचा कारखाना काढला. (जुन्या शाळागृहाचें असेंही भाग्य उघडतें!) रुकवुडचें पात्र म्हणजे मातीवर काढलेलें चित्रच होय. भाजण्यापूर्वीं ओलसर पात्रावर रंगीत पातळ मातीनें फुलें-पानें काढावयाचीं, आणि नंतर वर पारदर्शक झिलई देऊन भट्टींत भाजावयाचें, अशी ती रीत होती.

या कारखान्याचा शिक्का वाचणें हा मोठा मौजेचा अभ्यास आहे. १८८६ सालीं आर व पी हीं दोन इंग्रजी अक्षरें पाठीस पाठ लावून जोडण्यांत आलीं. १८८७ सालीं त्यांवर एक ज्वाळा आली, आणि मग दरवर्षीं एकेक ज्वाळा वाढत जाऊन १९०० सालीं त्या चौदा झाल्या. १९०१ पासून ज्वाळा तितक्याच ठेवून खालीं रोमन आंकडा घालूं लागले. तेव्हां चौदा ज्वाळा आणि खालीं रोमन पद्धतीनें २६ असा आंकडा दिसला, तर तें पात्र १९२६ सालचें हें निश्चित समजावें. शेजारीं घाटाचा क्रमांक असतो, आकारमानाचें अक्षर असतें, आणि चित्रित पात्रांवर चित्रकाराचीं आद्याक्षरें असतात. कातारो शिरायामादानी नांवाचे जपानी कलावंत १८८७ सालीं तेथें आले. ते आपली सही जपानी लिपींत करीत. सिनसिनाटीच्या मातीवर ती सही पाहिली म्हणजे फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

याहून अधिक जिव्हाळ्याचें उदाहरण न्यू ऑर्लिन्स येथील न्यूकम या स्त्रियांच्या महाविद्यालयाचें आहे. तेथें १८९५ सालीं मृत्पात्रांचें काम सुरू झालें व तें १९४० पर्यंत चाललें. चाकावर पात्र घडविण्याचें काम बहुधा पुरुष करीत, नक्षी मात्र स्त्रिया काढीत. सी अक्षराच्या पोटांत एन हा तेथील शिक्का. त्याच्याजवळ नक्षी काढणारीचीं आद्याक्षरें, घडविणाऱ्याची खूण आणि नोंदणीचीं अक्षरें व आंकडे असतात. त्यांवरून साल काढतां येतें. लोंबत्या शेवाळानें झांकलेलीं ओकचीं झाडें व त्यांमागें चंद्र, ही तेथील सर्वांत लोकप्रिय नक्षी. ती प्रथम काढण्याचें श्रेय सेडी अर्विन या बाईंकडे जातें. परंतु आपणांस त्याचा पुढें पश्चात्तापच झाला, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. गिऱ्हाइकें तेंच तेंच मागत, आणि बाईंना त्याचा वीट आला. तरीही प्रत्येक वेळीं चित्र मात्र त्या नव्यानें काढीत. म्हणून न्यूकमचीं दोन पात्रें शेजारीं ठेवलीं, तर विषय एक असूनही फांदी व फांदी जुळत नाहीं. तें न जुळणें हेंच खरेपणाचें लक्षण होय.

सांच्यांतून निघालेल्या पात्रांची गोष्ट याहून निराळी. ओहायओंतील झेन्सव्हिल हें गांव अशा कारखान्यांचें माहेरघर. तेथील वेलर यांचा 'लुवेल्सा' हा प्रकार रुकवुडच्या तपकिरी पात्रांची नक्कल म्हणून हातानेंच चितारलेला असे, व नवशिक्या त्यास फसतो. (नांवाचें कोडें असें : मुलगी लुईझ, आडनांव वेलर, आणि मालकांचीं आद्याक्षरें एस. ए.) पण त्याच गांवच्या रोझव्हिल कारखान्याचीं पुढील काळांतील बहुतेक पात्रें सांच्यांतलीं. त्यांवरील फूल सांच्यांतच उठविलेलें असे. 'डोनाटेलो' १९१५ चा, 'पाइन कोन' १९३५ च्या सुमाराचा, 'मॅग्नोलिया' १९४३ चा. अशा नमुन्यांच्या नांवांनींच संग्राहक तीं ओळखतात. कांहीं जण या पात्रांस हलकें लेखतात. मला तें पटत नाहीं. ज्या घरांत रुकवुडचें चित्र कधींच येऊं शकलें नसतें, त्या घरांत सांच्यानें एक सुंदर वस्तु पोंचविली.

रोझव्हिलच्या जुन्या पात्रांवर पुष्कळदां कागदी चिठ्ठीच असे, आणि ती धुवून गेली म्हणजे बूड मुकें होतें. तेथें घाट व झिलई यांवरूनच निर्णय करावा लागतो. १९४० नंतरच्या पात्रांवर मात्र कारखान्याचें नांव, यू. एस. ए. हीं अक्षरें, घाटाचा क्रमांक व इंचांतील माप हीं सर्व उठावदार असतात. कारखाना १९५४ सालीं बंद झाला. परंतु १९९० नंतरच्या दशकांत त्याच नमुन्यांच्या व त्याच नांवाच्या प्रतिकृति चीनमधून येऊं लागल्या, आणि अनेकांनीं खऱ्याचें मोल देऊन खोटें घरीं आणलें. पहिल्या प्रतिकृतींवर यू. एस. ए. नव्हतें, पुढें तेंही अस्पष्टसें आलें. म्हणून केवळ नांव वाचून विसंबूं नये. खऱ्या मॅग्नोलियाच्या पाकळीची कड बोटास स्पष्ट लागते, आणि रंग रेषेच्या आंत राहतो. नकलेंत कड बुजलेली, व रंग बाहेर सांडलेला आढळतो. अस्सल पात्र एकदां हातांत घेऊन पाहिल्यावांचून हा फरक पुस्तकांतून कळणें कठीण. संग्रहालयांत पात्रें कांचेआड असतात, त्यामुळें जुन्या वस्तूंच्या लिलावापूर्वींचें प्रदर्शन हीच यासाठीं उत्तम शाळा. आपल्यापैकीं ज्यांचे आप्त अमेरिकेंत आहेत, त्यांस ही संधि सहज मिळण्यासारखी आहे.

पात्र घेण्यापूर्वीं कांठावरून व कानांवरून बोट फिरवून टवका उडाला आहे काय, तें पाहावें. नखानें हलकेंच टिचकी मारावी. चीर गेलेल्या पात्राचा आवाज बद्द येतो. बेमालूम बुजविलेला भाग जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं बहुधा वेगळा चमकतो. झिलईवरील बारीक रेषांचें जाळें मात्र जुन्या पात्रांत नेहमींचेंच असतें. त्यास भिण्याचें कारण नाहीं.

रुकवुडच्या कांहीं पात्रांवर शिक्क्याजवळ चाकानें कोरलेली फुलीसारखी खूण आढळते. भट्टींतून निघतांना ज्यांत कांहीं उणें राहिलें, तीं पात्रें कारखान्यानेंच अशीं दुय्यम ठरविलीं होतीं. त्यांची किंमत आजही कमी येते. ज्याच्या खिशांत थोडें आहे, त्यानें खुशाल तीं घ्यावींत. चित्र काढणाराचीं आद्याक्षरें त्या फुलीशेजारींही तशींच असतात.