अशक्य त्रिकोण

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. जे डोळ्यांना स्पष्ट दिसते त्याला निराळा पुरावा नको, असा या म्हणीचा अर्थ. परंतु डोळ्यांना स्पष्ट दिसणारी आणि तरीही जगात कोठेच असू न शकणारी वस्तू कागदावर काढता येते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

१९३४ साली स्वीडनमध्ये ऑस्कर रॉयटर्सवेर्ड नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी लॅटिनच्या तासाला चित्र काढीत बसला होता. काढता काढता त्याने नऊ ठोकळे त्रिकोणात मांडले. पाहतो तो काय, प्रत्येक ठोकळा शेजारच्या ठोकळ्याला नीट लागून बसलेला. पण सगळी रचना मात्र प्रत्यक्षात उभी करणे अशक्य! त्या दिवसापासून त्याला अशा आकृतींचा छंद जडला. १९८२ साली स्वीडनच्या टपाल खात्याने त्याच्या आकृती टपाल तिकिटांवर छापल्या.

पुढे इंग्लंडमधील लायोनेल पेनरोज व त्यांचे पुत्र रॉजर यांनी रॉयटर्सवेर्डची चित्रे न पाहताच असा त्रिकोण शोधून काढला आणि १९५८ साली त्यावर लेख लिहिला. याच रॉजर पेनरोज यांना २०२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या त्रिकोणात तीन चौकोनी तुळया एकमेकींना जोडलेल्या दिसतात, आणि प्रत्येक जोड काटकोनात असल्याचा भास होतो. आता थोडे गणित करा. तीन काटकोन मिळून २७० अंश होतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज तर १८० अंशच असते. मग असा लाकडी त्रिकोण सुतार कसा बरे घडवील?

असे असूनही आपले डोळे फसतात, कारण चित्राचा कोणताही एक कोपरा खोटा नसतो. बोटाने दोन कोपरे झाकून तिसरा पाहिला, तर त्यात काहीच चूक सापडत नाही. चूक असते ती तिन्ही कोपऱ्यांच्या जुळणीत. कागदाला खोली नसते; कोणती रेषा जवळची व कोणती दूरची, हे आपले मनच ठरविते. प्रत्येक कोपऱ्यापाशी मन योग्य तेच ठरविते. पण त्या तीन निर्णयांचा मेळ बसत नाही.

हॉलंडचे चित्रकार एशर यांनी १९६१ साली याच युक्तीवर ‘धबधबा’ हे चित्र रचले. त्यात पाटाचे पाणी उताराने वाहत जाते, वरून चाकावर कोसळते आणि कोणीही न उचलता पुन्हा धबधब्याच्या माथ्याशी पोहोचते!

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात १९९९ साली १३.५ मीटर उंचीचे एक शिल्प उभारण्यात आले. ठरावीक जागेवरून ते अखंड अशक्य त्रिकोणासारखे दिसते. तेथून चार पावले बाजूला सरकले की कोडे उलगडते. त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर आहेत. एक टोक दुसऱ्याच्या पुढे आल्यामुळे ती जोडल्यासारखी भासतात.

मुलांनो, डोळे आपले वैरी नव्हेत. पण एका जागेवरून ते अर्धीच हकीकत सांगतात. माणसांच्या बोलण्याचेही असेच असते. एकेक वाक्य खरे वाटते, परंतु सर्व वाक्ये एकत्र ठेवली की त्यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी जागा बदलून पाहावे, आणि भागांबरोबर संपूर्णाचीही पारख करावी. नुसते पाहणे वेगळे आणि डोळसपणे पाहणे वेगळे.

स्वाध्याय

१. अशक्य त्रिकोण लाकडाचा का करता येत नाही?
२. पर्थ येथील शिल्पाचे रहस्य कोणते?
३. तीन सारख्या काड्या व थोडी ओली माती घ्या. एक काडी उभी करा. तिच्या पायथ्याशी दुसरी आडवी जोडा. दुसरीच्या टोकाला तिसरी, तुमच्यापासून दूर जाईल अशी काटकोनात जोडा. एक डोळा मिटून उभ्या काडीच्या माथ्यावरून तिसरीच्या टोकाकडे पाहा. काय दिसते ते लिहा.