छोट्या जीपची दुरुस्ती

(कॅडेट, इयत्ता दहावी)

हॉबी पिरियडमध्ये प्लॅस्टिकच्या गाड्यांची मॉडेल्स जोडणारे आम्ही सहा-सात कॅडेट्स आहोत. ज्युनिअर मुले नेहमी विचारतात, "हे जमतं कसं?" म्हणून या लेखात मी तीन गोष्टी सांगणार आहे. किट कसे जोडावे, त्यात आपले बदल कसे करावेत आणि जुने मॉडेल कसे दुरुस्त करावे. तिसरी गोष्ट मी चूक करून शिकलो, म्हणून ती जास्त सविस्तर सांगतो.

माझे बाबा हवाई दलात आहेत आणि सध्या त्यांची पोस्टिंग तंजावरला आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे गेलो, तेव्हा सामानाच्या ट्रंकेत एक मोडकी जीप सापडली. १९९० साली बाबा बारा वर्षांचे होते. त्यांच्या मामांनी, जे जहाजावर नोकरीला होते, सिंगापूरहून हे किट आणले होते. बाबांनी आणि आजोबांनी ते मिळून जोडले. आजोबा सैन्यात ड्रायव्हर होते आणि त्यांनी बरीच वर्षे जीपच चालवली. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

आधी माप समजून घ्या

किटच्या खोक्यावर १/२४ किंवा १/३५ असा आकडा असतो. १/३५ म्हणजे खऱ्या गाडीचे ३५ सेंटिमीटर मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर होतात. मोटारींसाठी १/२४ आणि १/२५ ही मापे जास्त चालतात, तर लष्करी वाहनांसाठी १/३५. हे ३५ कोठून आले याची गोष्ट मजेशीर आहे. जपानमधील शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटरी बसेल एवढा त्याचा आकार ठेवला आणि नंतर मोजले तर तो सुमारे १/३५ भरला. पुढे तेच माप जगभर रूढ झाले.

दुसऱ्या महायुद्धातली जीप सुमारे ३.३५ मीटर लांब होती. ३५ ने भागा. उत्तर साडेनऊ सेंटिमीटरच्या किंचित वर येते. तळहातावर मावेल एवढी गाडी.

किट जोडताना

किटचे भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. तिला स्प्रू म्हणतात. पुढील क्रम पाळा.

१. चौकट कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही.

२. भाग हाताने पिरगाळून तोडू नका. कटरने थोडे अंतर ठेवून कापा. उरलेला तुकडा कानशीने आणि मग ४०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. ब्लेडची धार नेहमी अंगापासून दूर असावी.

३. डिंक लावण्याआधी भाग नुसते जोडून बघा. बसत नसेल तर दोष आत्ताच कळतो.

४. मॉडेलचे सिमेंट हा खरे तर डिंकच नव्हे. ते दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक किंचित विरघळवते आणि दोन्ही भाग एकजीव होतात. वर्कशॉपमधील वेल्डिंग आठवा. म्हणून थेंबभर पुरते. जास्त लावले तर ते बाहेर येते आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

५. फटी पुट्टीने भरा, घासा, प्रायमर द्या आणि मगच रंग. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या.

तंजावरच्या मे महिन्यात दुपारी रंग ब्रशवरच वाळायचा. म्हणून मी सकाळी सहाला खिडकी उघडून बसत असे. सिमेंटचा आणि रंगाचा वास बंद खोलीत घेऊ नये, हेही लक्षात ठेवा.

बदल करताना

किटमध्ये आहे तसेच मॉडेल करायचे असे बंधन नाही. अमेरिकेतील एएमटी कंपनीने १९५८ पासून १/२५ मापाची अशी किट्स काढली, ज्यांच्या एकाच खोक्यातून मुलगा मूळ गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची गाडी, यांपैकी हवी ती करू शकत असे.

माझ्या मनात वेगळेच होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी मला अब्दुल हमीद यांची जीप करायची होती. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण क्षेत्रात, चीमा गावाजवळ, ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील रिकॉइललेस तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जीपला चिलखत नसते. त्यांच्यासमोर रणगाडे होते.

एवढी मोठी तोफ एवढ्या हलक्या गाडीवरून कशी उडते? गोळा पुढे जाताना बारुदाचा वायू मागच्या तोंडातून जोराने बाहेर पडतो. पुढचा आणि मागचा जोर एकमेकांना तोलतो आणि गाडीला धक्का जवळजवळ बसत नाही. नववीच्या विज्ञानातील न्यूटनचा तिसरा नियम येथे दिसतो. मात्र मागे निघणाऱ्या ज्वाळेमुळे आणि धुळीमुळे तोफेची जागा शत्रूला लगेच कळते.

ही १०६ मिलिमीटरची तोफ सुमारे ३.४ मीटर लांब असते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या जीपपेक्षाही कणभर जास्त. १/३५ मापात ९.७ सेंटिमीटर. मी तीन मिलिमीटर जाडीच्या विणकामाच्या सुईवर फेव्हिकॉल लावलेला कागद गुंडाळला. जाडी चार मिलिमीटर झाल्यावर सुई ओढून काढली. झाली नळी तयार! बारीक दांड्यांसाठी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर धरून मऊ केला आणि ओढला. केसासारखी तार निघते. हे काम मोठ्या माणसासमोरच करा.

दुरुस्ती, आणि माझी चूक

तोफ छान झाली. आता बाबांची जुनी जीप नवी करून तिच्यावर ती बसवायची, एवढेच राहिले होते. जीपची दोन चाके निखळली होती, चासी उष्णतेने वाकली होती, रंग काळा पडला होता आणि बॉनेटवर पांढरट डाग होते. बाबा ड्युटीवर होते. सगळे भाग मी एका डब्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने रंग घासून काढला. फक्त चासी राहिली, कारण ती डब्यात मावली नाही.

संध्याकाळी बाबा आले. हिरव्या रंगाखालचे कोरे प्लॅस्टिक पाहून त्यांनी विचारले, "बॉनेटवरचा नंबर?"

मी म्हणालो, "नंबर नव्हता, डाग होते."

ते डाग नव्हते. आजोबा जी जीप चालवत, तिचा नंबर त्यांनी बारीक ब्रशने बॉनेटवर लिहिला होता, सैन्याच्या गाड्यांवर असतो तसा वर टोक असलेल्या बाणासह. तीस वर्षांच्या धुळीखाली मला तो दिसला नव्हता. साध्या साबणाच्या पाण्याने धुतले असते तरी दिसला असता.

मी म्हणालो, "तुम्हाला आठवत असेल तर मी परत लिहितो."

बाबा म्हणाले, "नंबर मला पाठ आहे रे. पण अक्षर त्यांचं होतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रविवारी आम्ही बृहदीश्वर मंदिरात गेलो. राजराज चोळ याने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेखही येथेच आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या मार्गात भित्तिचित्रे आहेत. तेथे सर्वांना प्रवेश नसतो, छायाचित्रे मात्र पाहायला मिळतात. चोळांच्या चित्रांवर पुढे नायक राजांच्या काळात नवा गिलावा देऊन दुसरी चित्रे काढली गेली. १९३१ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना वरच्या थराखालची चोळ चित्रे दिसली. आता प्रश्न आला. खालचे जुने चित्र हवे, तर वरचे खरवडायचे का? तेही शेकडो वर्षांचेच! पुढे पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी वरचा थर काळजीपूर्वक अखंड सोडवला आणि वेगळ्या फलकावर बसवला. खालचे चित्र मोकळे झाले आणि वरचेही वाचले.

मी काय केले होते, ते मला तेथे नीट कळले. मी वरचा थर घासून बेसिनमध्ये ओतला होता.

घरी आल्यावर चासी हातात घेतली. वाकलेला भाग गरम, पण उकळते नव्हे अशा पाण्यात धरून सरळ केला आणि लगेच थंड पाण्यात बुडवला. मग खालच्या बाजूला सिमेंटमध्ये उमटलेला अंगठ्याचा ठसा दिसला. वर मी ज्याला दोष म्हटले आहे, तोच. पॉलिश पेपर माझ्या हातातच होता. पण ठसा मोठ्या माणसाचा होता आणि बाबा तेव्हा बारा वर्षांचे होते. मी पेपर खाली ठेवला.

जीप आता चार चाकांवर उभी आहे. तिला हिरवा रंग दिला, बॉनेट मात्र कोरे ठेवले आहे. चासीच्या खालच्या बाजूला मी रंग लावला नाही. तोफ जीपवर चिकटवलेली नाही. ती प्रदर्शनात वेगळ्या स्टँडवर ठेवली, कारण आजोबांच्या जीपवर तोफ कधीच नव्हती. अब्दुल हमीद यांच्या जीपसाठी मी नवे किट घेणार आहे.

जुने मॉडेल हाती आले तर

१. काहीही करण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा.

२. आधी फक्त साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. मग नीट पाहा.

३. ज्याने ते केले, तो किंवा त्याच्या घरचे कोणी असेल तर त्याला विचारा. हा नियम मी शेवटी शिकलो, तुम्ही पहिल्यांदा शिका.

४. कोणतेही द्रावण आधी स्प्रूच्या तुकड्यावर तपासा. रंगाच्या दुकानातील साधा थिनर प्लॅस्टिकच वितळवतो.

५. पुन्हा काढता येईल असाच बदल करा. नवा भाग स्क्रूने किंवा खाचेत बसवता येत असेल तर चिकटवू नका.

६. मोडलेले दुरुस्त करा. जुने झालेले सगळेच मोडलेले नसते.

सुट्टी संपवून परत येताना बाबांनी जीप माझ्याजवळच दिली. ती आता माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. कोणाला पाहायची असेल तर प्रेपनंतर या. उलटी करून पाहायलाही हरकत नाही, फक्त हात धुऊन या.