हवाई रुग्णवाहिका, मेंदूची इजा आणि राज्यांचे अधिकार

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील नॉर्थ डकोटा हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आहे; परंतु २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या अवघी ७ लाख ७९ हजार. एका चौरस किलोमीटरमागे जेमतेम चार माणसे. महाराष्ट्रात हेच प्रमाण २०११ च्या जनगणनेत ३६५ होते. राज्याच्या पश्चिमेस तेलविहिरींच्या प्रदेशात विलिस्टन हे गाव आहे. तेथून राजधानी बिस्मार्क साडेतीनशे किलोमीटरहून दूर, म्हणजे सुमारे मुंबई-कोल्हापूर एवढ्या अंतरावर. आणि फार्गो हे पूर्वेकडील मोठे शहर तेथून आणखी तीनशे किलोमीटर पलीकडे. अशा प्रदेशात तेलविहिरीवर एखाद्या कामगाराच्या डोक्यास मार बसला अथवा शेतावर ट्रॅक्टर उलटला, तर मेंदूवरील शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेवर पोहोचण्याचा मार्ग बहुधा आकाशातूनच जातो.

मेंदूच्या इजेविषयी लोकजागृती आणि हवाई रुग्णवाहिकांच्या सदस्यत्व योजनांचे नियमन हे दोन विषय अमेरिकेतील राज्य विधिमंडळांपुढे वेळोवेळी येत असतात. वरकरणी त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. एक आरोग्यशिक्षणाचा विषय, दुसरा विम्याचा आणि बिलांचा. तथापि ज्याला हवाई रुग्णवाहिकेची निकड सर्वाधिक भासते, असा रुग्ण पुष्कळदा डोक्याला मार लागलेलाच असतो. आणि ज्याच्या मेंदूस इजा झाली आहे, तो कोणते हेलिकॉप्टर बोलवावे, त्याचा दर काय, आपल्या विमा कंपनीशी त्याचा करार आहे की नाही, यांपैकी काहीच ठरवू शकत नाही. दर पाहून, चौकशी करून सेवा निवडणारा ग्राहक येथे मुळातच अस्तित्वात नसतो. या एका गोष्टीतून पुढील सारे प्रश्न उद्भवले आहेत.

काही तासांचा हिशेब

मेंदूची हानी ही एकाच क्षणी होऊन संपत नाही. आघाताच्या वेळी जी इजा होते ती पहिली. त्यानंतर कवटीच्या आत रक्त साकळते, सूज येते, दाब वाढतो, आणि मेंदूला मिळणारा रक्तपुरवठा व प्राणवायू कमी होतो. ही दुसरी हानी पहिल्या काही तासांत होते आणि तीच टाळता येण्याजोगी असते. ग्लासगो येथील दोन मेंदूशल्यतज्ज्ञांनी १९७४ साली रुग्णाच्या शुद्धीचे मोजमाप करण्याची पद्धत प्रसिद्ध केली; पुढे ती ३ ते १५ गुणांत मांडली गेली. तेव्हापासून रुग्ण बिघडत आहे की सुधारत आहे, हे दूरच्या गावातील परिचारिकेलाही मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञाला एका आकड्यात कळविता येऊ लागले. १९८१ साली अमेरिकेतील ८२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या आवरणाखाली तीव्र रक्तस्राव झालेल्या ज्या रुग्णांवर चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३० टक्के होते. चार तास उलटल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ९० टक्के होते. पुढील काळात उपचारपद्धती सुधारल्या, आकडेही बदलले. परंतु विलंबाची किंमत त्या अभ्यासाने दाखवून दिली.

म्हणून हेलिकॉप्टर. १९७० साली मेरीलँड राज्याच्या पोलीस दलाने अपघातग्रस्तांना हेलिकॉप्टरने नेण्यास आरंभ केला. १९७२ साली डेन्व्हर येथील एका रुग्णालयाने स्वत:चे हेलिकॉप्टर ठेवले. मेरीलँडची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. तेथे पोलिसांच्या हेलिकॉप्टरसेवेचा भार मुख्यत्वे मोटारींच्या नोंदणीवरील अधिभारातून उचलला गेला आणि रुग्णाच्या नावाने बिल न काढण्याची प्रथा पडली. रस्त्यावर वाहन आणणाऱ्या प्रत्येकाने थोडेथोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याला काही विचारू नये, असा हा सरळ हिशेब होय. देशाच्या बहुतेक भागांत मात्र हा मार्ग स्वीकारला गेला नाही.

केवळ वेगाने सर्व काही साधते, असेही नव्हे. ॲरिझोना राज्यात १३० हून अधिक रुग्णवाहिका-संस्थांच्या कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी टाळण्याचे शिक्षण देण्यात आले : प्राणवायूची कमतरता, रक्तदाबाची घसरण आणि गरजेपेक्षा जलद दिलेला कृत्रिम श्वास. सुमारे २१,८०० रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता फरक ठळक नव्हता. परंतु तीव्र इजेच्या गटात जगण्याची शक्यता, इतर घटकांचा हिशेब करून, दुपटीने वाढल्याचे आढळले. शिक्षणाचा हा खर्च हेलिकॉप्टरच्या खर्चापुढे नगण्य आहे, याची नोंद जागृतीच्या चर्चेत क्वचितच घेतली जाते.

बिल आणि सदस्यत्व

हेलिकॉप्टरच्या खर्चाचा मोठा भाग उड्डाणापेक्षा तयारीचा असतो. वैमानिक, परिचारिका, तंत्रज्ञ आणि यंत्र ही सारी चोवीस तास सज्ज ठेवावी लागतात. मग महिन्यात दहा रुग्ण मिळोत की तीस. २००२ पासून ज्येष्ठ नागरिकांच्या मेडिकेअर योजनेत रुग्णवाहिकांचे नवे दरपत्रक लागू होऊ लागले. त्यानंतर या व्यवसायात खासगी कंपन्यांची संख्या व त्यांचे तळ वाढले. तळ वाढले की प्रत्येक तळाच्या वाट्याला येणारे रुग्ण कमी होतात आणि प्रत्येक रुग्णावर पडणारा भार वाढतो. मेडिकेअर आणि गरिबांसाठीची मेडिकेड या योजनांचे दर ठरलेले असल्याने हा वाढीव भार खासगी विमा असलेल्यांवर आणि विमा नसलेल्यांवर पडला. अमेरिकेच्या संसदेसाठी तपासणी करणाऱ्या ‘गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस’च्या अहवालानुसार हेलिकॉप्टरच्या एका फेरीचा मध्यम दर २०१० मध्ये सुमारे १५,००० डॉलर होता, २०१४ मध्ये तो ३०,००० झाला आणि २०१७ मध्ये ३६,४०० डॉलरवर पोहोचला. त्याच वर्षी खासगी विमाधारकांच्या ६९ टक्के फेऱ्या त्यांच्या विमा कंपनीशी करार नसलेल्या सेवेकडून झाल्या होत्या. विमा कंपनी आपल्या हिशेबाने काही रक्कम देई आणि उरलेले बिल रुग्णाच्या घरी येई.

या भीतीतून सदस्यत्व योजना फोफावल्या. कुटुंबाने वर्षाला शंभर डॉलरच्या आतबाहेर वर्गणी भरावी. प्रसंग आल्यास विमा कंपनी जे देईल तेवढ्यावर हेलिकॉप्टर कंपनी समाधान मानील आणि उरलेली रक्कम मागणार नाही, असा हा करार. यात वस्तुत: गैर काय, असे प्रथमदर्शनी वाटेल. अडचण अशी की, हेलिकॉप्टर कोणत्या कंपनीचे येणार हे वर्गणीदार ठरवीत नाही. नियंत्रण कक्ष किंवा रुग्णालय ठरविते. वर्गणी एका कंपनीची आणि दारात उतरले दुसऱ्याच कंपनीचे हेलिकॉप्टर, तर पावतीचा उपयोग शून्य. शिवाय मेडिकेडच्या लाभार्थ्याकडून योजनेच्या दराबाहेर रक्कम मागण्यास मुळातच मनाई आहे. जे बिल येणारच नाही, त्यापासून संरक्षण मिळावे म्हणून गरीब माणसाने वर्गणी भरावी, हा प्रकार कोणत्याही विमा आयुक्ताला अस्वस्थ करणाराच होय. थोडी रक्कम आधी घेऊन मोठ्या खर्चाची जोखीम स्वीकारणे याला विमा म्हणावयाचे नाही तर काय, असा प्रश्न राज्यांनी उपस्थित केला. आपण विमा विकत नाही, केवळ आपल्याच सेवेच्या दरात सवलत देतो, असे कंपन्यांचे उत्तर होते.

नॉर्थ डकोटाचे प्रयत्न

हा वाद शब्दांचा नव्हता. १९४५ च्या एका संघीय कायद्याने विमा व्यवसायाचे नियमन राज्यांकडे सोपविले आहे. उलट १९७८ च्या विमान वाहतूक नियंत्रणमुक्ती कायद्याने हवाई वाहतूकदारांचे दर, मार्ग आणि सेवा यांविषयी कायदे करण्यास राज्यांना मनाई केली. तो कायदा करताना संसदेच्या डोळ्यांसमोर प्रवासी विमानांची तिकिटे होती. परंतु हवाई रुग्णवाहिका कंपनीही कायद्याच्या भाषेत हवाई वाहतूकदारच ठरते. स्ट्रेचरवरील बेशुद्ध माणूस आणि सुट्टीसाठी निघालेला प्रवासी या दोघांना कायद्याने एकाच रांगेत बसविले.

नॉर्थ डकोटाचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, नियमित अधिवेशनासाठी भरते. २०१५ मध्ये त्याने पहिला कायदा केला : विमा कंपन्यांशी करार करणाऱ्या हवाई सेवांना पाचारणाच्या यादीत अग्रक्रम मिळावा. २०१६ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला. २०१७ मध्ये पुन्हा कायदा झाला. त्यात दोन तरतुदी होत्या. विमा कंपनीने दिलेली रक्कम पूर्ण मानावी आणि रुग्णाकडून उरलेले पैसे घेऊ नयेत, ही एक. हवाई रुग्णवाहिकांनी सदस्यत्वे विकू नयेत, ही दुसरी. ‘गार्डियन फ्लाइट विरुद्ध गॉडफ्रेड’ या खटल्यात खालच्या न्यायालयाने पहिली तरतूद रद्द केली आणि दुसरी, विम्याचे नियमन म्हणून, टिकविली. २०२१ मध्ये आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने दोन्ही तरतुदी संघीय कायद्यापुढे निष्प्रभ ठरविल्या. सहा वर्षांत एका लहान राज्याने आपल्या नागरिकांसाठी उघडलेली दारे एकामागून एक बंद झाली.

अखेर तोडगा निघाला तो वॉशिंग्टनमध्ये. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेला ‘नो सरप्रायझेस’ कायदा १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार करार नसलेली हवाई रुग्णवाहिका आली, तरी विमाधारकाने करारातील सेवेइतकाच आपला हिस्सा द्यावयाचा. उरलेल्या रकमेचा वाद कंपनी आणि विमा कंपनी यांनी लवादापुढे मिटवावयाचा. साहजिकच विमाधारकाच्या दृष्टीने सदस्यत्वाचे मोल पुष्कळ उतरले. मग आजही ते विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळते, हे स्पष्टपणे सांगण्याची सक्ती कोणी व कशी करावी, हा प्रश्न राज्यांपुढे उरला आहे. जमिनीवरील रुग्णवाहिकांना हा कायदा लागू नाही. तेथे मात्र १९७८ चा अडसर नसल्याने कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांसारख्या राज्यांनी २०२३ मध्ये स्वत:चे कायदे केले.

जागृतीची मर्यादा

अमेरिकेत मार्च महिना मेंदूच्या इजेविषयी जागृतीचा म्हणून पाळला जातो. अशा ठरावांना विरोध होत नाही, कारण त्यांना खर्च येत नाही. ठरावाच्या पलीकडे काही घडले, ते वॉशिंग्टन राज्यात. तेथे २००६ मध्ये तेरा वर्षांचा एक विद्यार्थी फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागल्यावरही पुन्हा मैदानात उतरला आणि सामन्यानंतर कोसळला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा लिस्टेड कायदा २००९ मध्ये झाला. मेंदूला हादरा बसल्याची शंका येताच खेळाडूला बाहेर काढावे आणि वैद्यकीय लेखी संमतीशिवाय परत घेऊ नये, हे त्याचे सार. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांनी असे कायदे केले. शिरस्त्राणाबाबत मात्र नेमके उलट झाले. १९७५ मध्ये ४७ राज्यांत मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे होते. १९७६ मध्ये संघीय अनुदानाचा धाक संपताच राज्यांनी एकामागून एक सक्ती उठविली. खुद्द नॉर्थ डकोटात ती अठरा वर्षांखालील स्वारांपुरतीच आहे.

भारतातील तुलना

भारताच्या राज्यघटनेतही असाच एक सांधा आहे. सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत येतात, तर विमान वाहतूक आणि विमा हे दोन्ही विषय संघसूचीत. हवाई रुग्णवाहिका आणि तिची वर्गणी यांचे नियमन करू पाहणाऱ्या भारतीय राज्याला नॉर्थ डकोटाइतकाही आधार मिळणार नाही. विम्याचा आधार तर मुळीच नाही. राज्याच्या हाती राहतो तो सेवा स्वत: उभारण्याचा मार्ग. महाराष्ट्राने २०१४ मध्ये ९३७ वाहनांच्या योजनेसह सुरू केलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हे त्याचेच उदाहरण. ती रुग्णाला बिल देत नाही.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासातील उपचारांसाठी रोकडरहित योजनेची तरतूद केली आणि मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले. त्याप्रमाणे ५ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने योजना अधिसूचित केली. प्रत्येक अपघातग्रस्तास दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार सात दिवसांच्या मर्यादेत मिळतात. सात दिवसांत शस्त्रक्रिया होते, रुग्णाचा जीव वाचतो. परंतु बोलणे, चालणे, नावे आठवणे, राग आवरणे हे पुन्हा शिकण्यास महिने, कित्येकदा वर्षे लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत आघाताने झालेल्या मेंदूच्या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. प्रमाणपत्रासाठी अशा रुग्णाला आपल्या उणिवा चलनवलन, वाचा किंवा मानसिक आजार यांपैकी कोणत्या तरी सदरात बसवून घ्याव्या लागतात.