लेझरचा तापमान नियंत्रक: दुरुस्तीला काय पडतं, कॅलिब्रेशनला काय

माजिवडा नाक्यापासून वागळे इस्टेट, कोलशेत, बाळकुम आणि नाशिक हायवेने थेट भिवंडी. या पट्ट्यात पत्रा कापणारी आणि धातूवर नावं कोरणारी लेझर मशिनं आता लहान गाळ्यांतही दिसतात. मशीन घेताना सगळी चौकशी लेझर किती वॉटचा याची होते. त्याला थंड ठेवणाऱ्या चिलरकडे आणि चिलरवरच्या तापमान नियंत्रकाकडे लक्ष जातं ते अलार्म वाजून जॉब अडकल्यावर. मग घाईघाईत अख्खा कंट्रोलर बदलला जातो, आणि दोष बऱ्याचदा भलतीकडेच असतो.

म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन करण्याआधी सेन्सर तपासा. मशीन बंद करून मेन स्विच काढा, सेन्सरच्या वायरी कंट्रोलरपासून सोडवा आणि मल्टिमीटर लावा. पीटी-100 सेन्सर असेल तर 0 अंशाला 100 ओहम आणि 25 अंशाला 109.7 ओहम दाखवायला हवेत. पुष्कळ चिलरमध्ये थर्मिस्टर असतो. तो 10 किलोओहमचा असेल तर तो आकडा 25 अंशाला मिळतो. पीटी-100 मध्ये एका अंशाला जेमतेम 0.39 ओहमचा फरक पडतो. म्हणजे खाडीकाठच्या दमट हवेने एखादं टर्मिनल हिरवं पडून एक ओहम वाढला, तरी रिडिंग दोन-अडीच अंशांनी चुकू शकतं. अशा वेळी टर्मिनल घासून पुसून घट्ट केलं की काम होतं. खर्च शून्य.

दुसरी चाचणी बर्फाची. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरा, फटी भरतील इतकंच गार डिस्टिल्ड वॉटर ओता, सेन्सर मधोमध बुडवून दहा मिनिटं थांबा. कंट्रोलरवर 0 च्या आसपास आकडा यायला हवा. दीड-दोन अंशांचा फरक असेल तर तो वहीत टिपून ठेवा. सर्व्हिसवाला आल्यावर बोलणं या आकड्यापासून सुरू होऊ द्या.

आता पैसे. खालचे आकडे ढोबळ आहेत, कोटेशन लेखीच घ्या. सेन्सर तीनशे ते हजार रुपये. रिले किंवा कॉन्टॅक्टर साधारण तेवढ्यातच. पॅनेलवर बसणारा साधा पीआयडी कंट्रोलर दीड ते चार हजारांत नवा मिळतो. त्याच्या दुरुस्तीत पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चिलर कंपनीचं स्वतःचं कंट्रोल कार्ड असेल तर मात्र दुरुस्ती करून बघावी, दोन ते सहा हजारांत बरीच कार्डं उभी राहतात. व्हिजिट चार्ज हजार-दोन हजार. दुरुस्ती केली तर तो बिलातून वजा होणार का, हे फोनवरच विचारा. सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

कॅलिब्रेशनचा हिशेब वेगळा. कॅलिब्रेशन म्हणजे उपकरण किती चुकतं हे प्रमाणित साधनाशी ताडून लिहून देणं. ती चूक काढणं, म्हणजे ॲडजस्टमेंट, हे स्वतंत्र काम आहे आणि अनेक लॅब त्याचे वेगळे पैसे लावतात. ॲडजस्टमेंट करून घेणार असाल तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रिडिंग सर्टिफिकेटवर मागा. सेन्सर आणि कंट्रोलर जोडूनच द्या, कारण सुटा कंट्रोलर बरोबर ठरला तरी सेन्सरची चूक तशीच राहते. तीन बिंदूंसाठी हजार ते अडीच हजार धरा. हे बिंदू तुम्ही निवडा. लॅबवाले सवयीने 0, 50, 100 लिहितात. तुमचं पाणी 20 ते 30 अंशांत फिरत असेल तर 20, 25, 30 मागा. चिलरचे सेन्सर आखूड असतात, ड्राय ब्लॉकमध्ये नीट बसत नाहीत; लिक्विड बाथ आहे का तेही विचारा.

लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त हवी. तिच्या स्कोपमध्ये तुमची तापमानाची रेंज आणि अनसर्टन्टी किती आहे हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येतं. तुम्हाला अर्ध्या अंशाची खात्री हवी असताना एक अंशाच्या अनसर्टन्टीचं सर्टिफिकेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. माजिवड्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने जाण्यासारखी केंद्र सरकारची आयडेमी ही संस्था चुनाभट्टीला आहे, आणि अंधेरी एमआयडीसीत ईआरटीएल (पश्चिम). तिथे आधी फोन करून दर आणि किती दिवस लागतील ते विचारा. पुढची तारीख वर्षानेच यावी असा नियम नाही. आयएसओ 17025 प्रमाणे ग्राहकाशी ठरल्याशिवाय लॅबने सर्टिफिकेटवर ती सुचवायचीही नसते. सलग दोन वेळा रिडिंग हललं नसेल तर मुदत वाढवता येते. तुमच्या ग्राहकाच्या ऑडिटची अट मात्र आधी वाचा.

चिलर नसलेल्या लेझरची गोष्ट वेगळी. केबल आणि ब्रॉडबँडवाल्यांकडच्या ऑप्टिकल ॲम्प्लिफायरमध्ये पंप लेझर, त्याला गार ठेवणारा पेल्टिए आणि थर्मिस्टर एकाच सीलबंद डबीत असतात. तिथला सेन्सर बदलता येत नाही. चांगला कारागीर डबी पूर्ण सोडवून थर्मिस्टरच्या जागी 10 किलोओहमचा अचूक रेझिस्टर लावतो; 25 अंशाचं रिडिंग आलं तर तापमान मोजणारं सर्किट ठीक. असं न तपासता थेट 'पंप गेला' म्हणणाऱ्याला काम देऊ नका. परदेशी प्रयोगशाळा-दर्जाचा नियंत्रक दुरुस्तीला बाहेर पाठवायचा असेल तर पाठवण्याआधीच कस्टम्सचे पुनर्आयातीचे कागद करून घ्या. ते असले तर परत येताना ड्यूटी दुरुस्तीचा खर्च, भाडं आणि विमा यांवर लागते. नसले तर पूर्ण किमतीवर भरायची वेळ येते.

पावसाळ्यात नियंत्रक अगदी बरोबर चालत असतानाही लेझर जातो. बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना दवबिंदू 27 च्या वर असतो. अशा हवेत 22 अंशांचं पाणी फिरवलं की लेन्सवर आणि सोर्सच्या आत दव धरतं, आणि हे नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. एसी केबिनमध्ये 26 अंश आणि 55 टक्के आर्द्रता राखली तर दवबिंदू 16 च्या आसपास येतो आणि तेच 22 अंशांचं पाणी चालतं. केबिन नसेल तर जूनच्या आधी मशीन कंपनीकडून पावसाळ्याचा सेट पॉइंट लेखी मागवा आणि तीनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक चिलरशेजारी टांगा.