मीठ, गूळ आणि पाणी

औषध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कुणाला रंगीत गोळी दिसते. कुणाला बाटलीतले कडू पाणी दिसते. पुष्कळांना सुई दिसते. "सुई नाही टोचली, मग पैसे कशाचे घेतले?" असे बोलणे आपण ऐकतोच. औषध कडू असावे, महाग असावे, टोचून घ्यावे, म्हणजेच ते गुणाचे, अशी आपली समजूत असते. ही समजूत काही आपल्याच गावची नाही. देशोदेशी ती आढळते.

आज आपण एका अशा औषधाची हकिकत वाचू, की जे कडू नाही, महाग नाही, आणि टोचून घ्यावे लागत नाही. तरी त्याने लाखो पोरांचे प्राण वाचवले आहेत.

जुलाबाने माणूस का मरतो? जुलाब आणि उलट्या होतात, तेव्हा अंगातले पाणी निघून जाते. पाण्याबरोबर मीठ आणि इतर क्षारही जातात. डोळे खोल जातात. जीभ कोरडी पडते. लघवी होत नाही. गेलेले पाणी भरून आले नाही, तर माणूस दगावतो. लहान मूल तर फार लवकर दगावते. पटकीच्या साथीत पूर्वी गावेच्या गावे ओस पडत. मरीआईचा कोप झाला, असे आपले वाडवडील म्हणत. गाडा काढीत, नैवेद्य दाखवीत. पण अंगातले पाणी काही त्याने भरून येत नसे.

मग नुसते पाणी पाजले तर? तेवढ्याने भागत नाही. जुलाब चालू असता आतडे नुसते पाणी नीट शोषून घेत नाही. पण मिठाला साखरेची सोबत मिळाली, की आतडे दोन्ही आत ओढून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते. साखर ही जणू दार उघडून देते. शास्त्रज्ञांना हे १९६० च्या सुमारास उमगले. पुढे १९६८ साली ढाक्याला पटकीच्या रोग्यांना असे पाणी तोंडाने पाजून पाहिले. त्याचा गुण आला.

पण मोठी परीक्षा पुढेच होती. १९७१ साली बांगलादेशात लढाई झाली. लाखो माणसे जीव मुठीत धरून आपल्या देशात आली. बंगालमध्ये सरहद्दीजवळ बनगाव म्हणून गाव आहे. तिथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. दवाखान्यात खाटा पुरेनात. रोगी जमिनीवर निजलेले. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तिथे दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज म्हणजे एक तऱ्हेची साखर, यांची पुडी बांधली. पुड्या पाण्यात विरघळवून पिंपे भरली. पिंपाला तोटी बसवली. रोग्याच्या माणसांना सांगितले, "पेला भरा आणि पाजत राहा."

आई लेकराला पाजू लागली. भाऊ भावाला पाजू लागला. लोकांना ते नुसते पाणी वाटू नये, म्हणून त्याला 'तोंडाने घ्यायचे सलाईन' असे नाव दिले. आधी शंभर रोग्यांमागे तीसएक दगावत होते. हे पाणी सुरू झाल्यावर शंभरांत चारांहूनही कमी दगावू लागले. डॉक्टर महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

औषध सापडले. आता ते घरोघर कसे न्यावे? बांगलादेशात ब्राक नावाची संस्था आहे. तिने १९८० साली हे काम हाती घेतले. पुड्या सगळीकडे पोचणार नव्हत्या. पण मीठ आणि गूळ घरोघर होते. म्हणून संस्थेच्या बाया दारोदार फिरल्या आणि आयांना शिकवू लागल्या : तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. घरच्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली. दहा वर्षांत त्या सुमारे सव्वा कोटी घरांत गेल्या.

शिकवले, पण शिकलेले राहिले का? ते पाहायला महिन्याभराने दुसरी माणसे जात. आईला किती आठवते, यावर शिकवणारणीचा पगार ठरे. आयांना सगळे पाठ झाले होते. तरीही पुष्कळ घरांत मुलांना ते पाणी कुणी पाजीतच नव्हते!

असे का? शोध घेतला, तेव्हा दोन गोष्टी कळल्या.

पहिली गोष्ट शब्दाची. शिकवणाऱ्या बाया 'डायरिया' म्हणत. पण तिकडच्या गावात जुलाबाची चार नावे होती. अंगावर पिणाऱ्या बाळाचे जुलाब वेगळे, अपचनाचे वेगळे, आवेचे वेगळे. 'डायरिया' म्हणजे पटकीसारखा पाण्यासारखा जुलाब, असे बाया समजत. मग बाकीच्या जुलाबांना हे पाणी कशाला द्यावे? आयांची त्यात चूक नव्हती. डॉक्टरांचा शब्द आणि गावाचा शब्द निराळा होता.

दुसरी गोष्ट विश्वासाची. शिकवणाऱ्यांचाच पुरता विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले, तर त्या गोळ्या घेत! मग संस्थेने त्यांना हे पाणी काम कसे करते, ते नीट समजावले. पुरुषांनाही मशिदीत, बाजारात, शाळेत गाठून सांगितले. मग हळूहळू पाणी घरोघर रुजले.

शहाण्यासुरत्या देशांत तरी वेगळे काय होते? अमेरिकेत कित्येक वर्षे डॉक्टर साध्या जुलाबालाही शिरेतून सलाईन लावीत. मीठ-साखरेचे पाणी तिथेही फार साधे वाटले.

आता आपल्याकडे पाहा. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा," असे आपणच डॉक्टरांना म्हणतो. बाटलीतही मुख्यतः पाणी, मीठ, कधी साखर हेच असते. रोगी बेशुद्ध असेल, अगदी गळून गेला असेल, तेव्हा ती बाटली लागतेच. तिथे हयगय करू नये. पण ज्याला पिता येते, त्याला बहुतेक वेळा तोंडाने पाजले तरी पुरते.

आम्ही हे सांगतो ते एवढ्यासाठी, की औषधाची किंमत त्याच्या गुणावर पाहावी. कडूपणावर पाहू नये. आणि औषध कशासाठी आहे, कसे घ्यायचे, हे समजेपर्यंत विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

ध्यानात ठेवा

१. ओआरएसची पुडी आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पिण्याच्या स्वच्छ पाण्यात सगळी पुडी घालावी. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. पाणी कमी घालू नये.

२. पुडी नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चव पाहावी. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नसावे.

३. घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. केलेले पाणी एक दिवसच ठेवावे.

४. अंगावरचे दूध तोडू नये. मुलाला उपाशी ठेवू नये. जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. मात्रा आशाताईंना विचारावी.

५. शौचात रक्त पडले, मूल मलूल झाले, पिईनासे झाले, किंवा उलट्या थांबेनात, तर तडक दवाखाना गाठावा. वाटेतही पाजता येईल तेवढे पाजावे.

प्रश्न

१. जुलाबात नुसते पाणी का पुरत नाही?
२. आयांना सगळे पाठ असूनही त्या ते पाणी का देत नव्हत्या?
३. आपल्या गावात जुलाबाला कोणकोणती नावे आहेत? ती पाटीवर लिहा. हा धडा शेजारच्या घरी वाचून दाखवा.