कढीलिंबावरील पाहुणे

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सामायिक बागेत मुले कढीलिंबावरच्या हिरव्या अळ्या न्याहाळतात. डिवचल्यावर त्या तांबडी शिंगे काढतात. विषारी समजून औषध फवारण्याची तजवीज चालली आहे. काय करावे?
– एक पालक, पिंपळे सौदागर

उत्तर : आपली धास्ती स्वाभाविक असली तरी अस्थानी आहे. बाल्यावस्थेत पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी ही अळी लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची असावी. ते दुभंगलेले शिंग म्हणजे शत्रूला उग्र दर्पाने पिटाळण्याची युक्ती, त्याने दंश होत नाही. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेले ब्लू मॉरमॉनही याच कुळावर पोसले जाते, हे ध्यानी घेऊन फवारणीचे फर्मान तहकूब ठेवावे. चार पाने गेल्याने आमटीची फोडणी अडत नाही. केसाळ अळीला स्पर्श करण्यास मात्र सक्त मनाई असावी, कारण तिच्या केसांनी त्वचेची आग होते. मुलांना हस्तकौशल्यासाठी बागेतून काही हवे असल्यास गळलेली पाने, गुलमोहराच्या वाळक्या शेंगा यांची खुशाल मुभा द्यावी. पक्ष्याचे घरटे मात्र, रिकामे भासले तरी, जागीच राहू द्यावे. कोष आढळल्यास तो न खुडता मुलांनी वही-पेन्सिल घेऊन रोज त्याचे चित्र काढावे. हवा उबदार असल्यास आठ-दहा दिवसांत, बहुधा सकाळी, त्यातून पाखरू बाहेर पडेल.